रात्रभर चोखणी तोंडात देत बसावं लागतं : साडेसात महिन्यांच्या बाळाला सलग झोप कशी लावायची?

सोनचाफा

बाळ साडेसात महिन्यांचं. अंगावरचं दूध, शिवाय सहा महिने पूर्ण झाल्यापासून दिवसातून दोनदा नाचणीसत्त्व, मऊ वरणभात वगैरे. वजन ७.९ किलो, डॉक्टर समाधानी. रात्री ८ ला चोखणी (पॅसिफायर) तोंडात दिली की पाच मिनिटांत झोप. ११ पर्यंत शांत. तिथून पुढे दर तासा-सव्वा तासाला रडत उठणं. चोखणी परत तोंडात घातली की दहा सेकंदांत गाढ. दूध फक्त पहाटे ३ च्या सुमारास एकदा.

चोखणी सोडवावी की ठेवावी? ठेवायची तर या पाच-सहा फेऱ्या कशा थांबवायच्या? घर वन बीएचके, सासू-सासरे सोबत. त्यामुळे "रडू द्या दोन दिवस" हा सल्ला देताना जरा जपून.

निशाचर

"दहा सेकंदांत गाढ" ही नोंद सगळ्यात मोलाची आहे. भुकेलं बाळ चोखणीवर थोडा वेळ तग धरतं, मग ती थुंकून मोठ्याने रडतं. कान किंवा पोट दुखत असेल तरी इतक्या पटकन झोप लागत नाही. तुमच्या बाळाला फक्त गेलेली वस्तू परत हवी आहे.

असं का होतं ते आधी बघू. या वयात झोपेचं एक चक्र साधारण ५०-६० मिनिटांचं असतं. प्रत्येक चक्राच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं. आपणही होतो, फक्त आपण सरकलेली चादर ओढून घेतो आणि सकाळी ते आठवत नाही. बाळाला झोपताना तोंडात चोखणी होती, आता नाही. ती उचलून तोंडात घालता येत नाही. म्हणून ते घरातल्या माणसाला उठवतं. ११ पर्यंत शांत का? कारण रात्रीच्या पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोपेचा वाटा जास्त असतो. पुढे हलकी झोप वाढते आणि प्रत्येक चक्राचा सांधा उघडा पडतो.

म्हणजे चोखणी ही मूळ अडचण नाही. ती तोंडात घालायला दुसरं माणूस लागतं, ही अडचण आहे. यातून रस्ते दोनच: बाळाला ती स्वतः शोधून घालायला शिकवायची, नाहीतर ती झोपेतून पूर्ण काढायची. दोन्ही चालतात. न चालणारा तिसरा रस्ता म्हणजे आज द्यायची, उद्या नाही, परवा चाळीस मिनिटं रडल्यावर द्यायची.

जाता जाता, झोपेच्या अभ्यासांत "रात्रभर झोपलं" याची एक जुनी व्याख्या मध्यरात्र ते पहाटे ५ एवढीच आहे. तुमचं ३ चं दूध या वयात पूर्ण रास्त आहे. त्याला हात लावू नका.

दुपटं_आणि_कुंची

निशाचर यांच्याशी सहमत, पण वय सोडून बोलू नका. हा धागा दीड महिन्याच्या बाळाची आईही वाचणार आहे.

पहिला महिना, म्हणजे स्तनपान नीट बसेपर्यंत, चोखणी नको. भुकेची पहिली खूण म्हणजे तोंड शोधणं आणि हात चोखणं; तीच चोखणीखाली दडते आणि दूध एखाद्या वेळेस कमी पडतं. आपल्याकडचे बरेच बालरोगतज्ज्ञ चोखणीला विरोध करतात तो याच कारणाने. चोखणी सुरू करण्याआधी दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि वजनाचा आलेख ठीक, याची खात्री हवी.

त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत झोपताना चोखणी देत असाल तर सोडवायची घाई करू नका. सिड्स, म्हणजे निरोगी बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू, याचा धोका झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांत कमी आढळतो. म्हणूनच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपताना ती द्यायला सांगते. पण त्याच सूचनेतलं पुढचं वाक्य कुणी वाचत नाही: झोप लागल्यावर चोखणी पडली तर परत घालायची गरज नाही. झोपलेल्या बाळाच्या तोंडात ती पुन्हा कोंबणं ही सवय आपणच लावतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रात्री रडत ठेवण्याच्या पद्धती लावूच नयेत.

बोटांची_गोष्ट

मी पहिल्या रस्त्याबद्दल लिहिते. साडेसात महिने म्हणजे हे शिकण्याचं ऐन वय आहे.

आधी चाचणी. बाळाला पाठीवर झोपवा, चोखणी हाताच्या अंतरावर ठेवा. ती पकडून कशीही तोंडापर्यंत नेता आली तर तयारी आहे. नुसतीच चापटत राहिलं तर दोन-तीन आठवडे थांबा. तोवर दिवसा वाटी, चमचा, रबरी कडं असल्या वस्तू पकडून तोंडात नेण्याचा खेळ भरपूर होऊ द्या.

चोखणीचा आकार बघा. ऑर्थोडॉन्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या चपट्या चोखणीला वरची-खालची बाजू असते. अंधारात ती उलटी गेली की बाळाला ती परकी लागते आणि ते थुंकतं. स्वतः घालायला शिकवायची असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी, गोल टोकाची घ्या. मागे कडी किंवा ठळक मूठ हवी; सपाट बटण बोटांत येत नाही. पण एकदम बदलू नका, चार-पाच दिवस दिवसा नवी देऊन बघा.

दिवसा: चोखणी तोंडात द्यायची नाही, तळहातावर ठेवायची. बाळ भलतीकडचं टोक तोंडात घालेल, हसू नका, मनगटाला हलका आधार देऊन वळवा. दिवसातून पाच-सहा वेळा, तीन-चार दिवस. मग दुपारच्या झोपेला मंद उजेडात, पाठीवर झोपवून तेच. आता हातातही द्यायची नाही. बाळाचा हात धरून चोखणीवर नेऊन टेकवायचा.

रात्री: एकाच जातीच्या चार-पाच चोखण्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरून ठेवा. एकच असली तर ती कुशीखाली जाते. अंधारात चमकणाऱ्याही मिळतात, त्यांचा उपयोग होतो. रडणं आलं की एक मिनिट थांबायचं, मग हात चोखणीपर्यंत न्यायचा. तुमच्या बोटांनी ती तोंडात गेली की त्या फेरीचं शिकणं वाया. पहिल्या चार रात्री जागरण जास्त होईल कारण ही पद्धत हळू आहे. बहुतेक बाळांना एक ते दोन आठवडे लागतात.

दोन गोष्टी अजिबात नाहीत. रात्री दोरी, रिबन, कपड्याला लावायची क्लिप नको, गळ्याभोवती अडकते. कापडी ससा-अस्वल शिवलेली चोखणी झोपेत नको. वर्षाच्या आत अंथरुणात मऊ खेळणं नसावं.

आणि झोळी. साडीच्या झोळीत ही पद्धत जमणारच नाही. कापड दोन्ही बाजूंनी मिटतं, हात छातीशी येतात, चोखणी पाठीखाली घरंगळते. सपाट, घट्ट गादी हवी. हातमोजे आणि घट्ट गुंडाळलेलं दुपटंही काढा. पालथं पडायला लागलेल्या बाळाला गुंडाळणं तसंही धोक्याचं आहे.

निशाचर

झोळीचा मुद्दा उत्तम. अनेक घरांत आपण चोखणी मोजतो आणि झोका मोजायचा विसरतो. बाळ चोखणी + झोका + अंगाई यांवर झोपत असेल तर नुसती चोखणी काढून रात्री फेऱ्या कमी होत नाहीत, झोके वाढतात. सोनचाफा, तुमच्याकडे झोका आहे का?

सोनचाफा

रात्री नाही. दुपारी सासूबाई पाळण्यात झोपवतात, चोखणीसकट.

आजीचा_बटवा

एवढं कशाला? चोखणीला थोडा मध लावा, जायफळाचे दोन वेढे उगाळून चाटवा. पिढ्यान् पिढ्या झोपलेत की.

दुपटं_आणि_कुंची

नको, दोन्ही नको. आणि याचं कारण सविस्तर लिहिते, कारण घरोघरी हेच सांगितलं जातं.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. आधी बद्धकोष्ठ, मग चोखण्याचा जोर कमी, रडण्याचा आवाज क्षीण, पापण्या जड, मान सैल. हे घडणं दुर्मीळ आहे, पण घडलं तर बाळाला श्वासासाठी यंत्र लागू शकतं. घरी उकळून बीजाणू मरत नाहीत. म्हणून १२ महिन्यांच्या आत मध शून्य, चोखणीवर बोटभरही नाही.

जायफळात मिरिस्टिसिन हे द्रव्य असतं, जास्त झालं तर विषारी. सहाणेवर उगाळताना किती उतरलं हे मोजताच येत नाही: जायफळ जुनं की ताजं, वेढे हलके की दाबून, सगळ्यावर मात्रा बदलते. त्यातून आलेली गुंगी म्हणजे झोप नव्हे. साखर किंवा गुळाचं पाणी लावणंही नको, खालचे पुढचे दात याच सुमाराला येतात.

आजीचा_बटवा

बरं, मधाचं माहीत नव्हतं. जायफळाबद्दल मात्र घरी पटवणं कठीण आहे.

खारी_बिस्कीट

आता दुसरा रस्ता, चोखणी काढणं. मी या बाजूची, कारण सहा महिन्यांनंतर कानाचाही प्रश्न येतो. सतत चोखण्याने मधल्या कानाचे संसर्ग वाढतात. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चोखणी फक्त झोप लागण्याच्या क्षणापुरती ठेवायला पालकांना समजावलं, तर त्या गटात कानाचे संसर्ग २९ टक्क्यांनी कमी झाले. सर्दीत वरचेवर कान दुखणारं बाळ असेल तर फार विचार करू नका, काढा.

कधी सुरू करायचं: सर्दी-ताप नाही, पुढच्या आठवड्यात प्रवास नाही, लस नाही. ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस जवळ आली असेल तर ती होऊन तीन-चार दिवस जाऊ द्या. सुरुवात रात्रीच्या झोपेपासून, कारण दिवसभराचा थकवा तेव्हाच सगळ्यात जास्त मदतीला येतो. दुपारची शेवटची डुलकी ५ च्या आत संपवा, म्हणजे ८ च्या झोपेआधी तीनेक तास जागं राहणं होईल. त्याहून जास्त ताणलं तर बाळ चिरडीला येतं आणि सगळं फसतं.

शेवटचं दूध झोपण्याआधी अर्धा तास, दिवा चालू असताना. ही पायरी गाळली तर चोखणीच्या जागी स्तन येतो आणि फेऱ्या तेवढ्याच राहतात. सर्वांत जास्त घरं इथेच अडकतात.

हळू पद्धत अशी: चोखणी द्या. पहिली दोन-तीन मिनिटं जोरात चोखणं, मग मध्ये मध्ये थांबणं, मग नुसती जिभेची थरथर. थरथरीवर आलं की, म्हणजे झोप लागायच्या जरा आधी, ओठाच्या कोपऱ्यातून बोट घालून हवा सोडा आणि चोखणी काढा. हनुवटीखाली एक बोट हलकं टेकवून ठेवा. बाळ तोंड शोधेल. मनात दहापर्यंत मोजा. शांत झालं तर झालं, रडलं तर परत द्या आणि पुन्हा थरथरीला काढा. पहिल्या रात्री हे आठ-दहा वेळा होतं. पाचव्या-सहाव्या रात्री दोन-तीनवर येतं. चूक होते ती वेळेची: पूर्ण झोपल्यावर काढली तर बाळ काहीच शिकत नाही, कारण त्याच्या लेखी ते चोखणीवरच झोपलं.

वन बीएचकेसाठी हीच पद्धत. रडणं कमी, दिवस जास्त.

पाळणा_दोरी

झटपट पद्धतही लिहून ठेवते, सहा महिन्यांवरच्या, तब्येत ठणठणीत असलेल्या बाळासाठी. झोपताना चोखणी नाहीच. जागं पण पेंगुळलेलं बाळ अंथरुणावर ठेवायचं. रडलं तर २ मिनिटांनी जवळ जा, थोपटा, रोजचं एकच वाक्य म्हणा ("झोप आता, मी इथेच आहे"), मिनिटाभरात बाजूला व्हा. मग ४ मिनिटं, मग ६, पुढे ६ च. एकाच खोलीत झोपत असाल तर बाहेर जाऊ नका. हाताच्या अंतरावर पडून राहा, डोळे मिटलेले.

पहिली रात्र अर्धा ते एक तास रडण्याची धरून चाला. दुसरी रात्र पुष्कळदा पहिलीपेक्षा वाईट असते आणि तिथेच लोक सोडून देतात. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून उतरण. आठ-दहा दिवसांनी एक रात्र पुन्हा जुनं नाटक होतं, तेव्हा चोखणी दिली तर परत पहिला दिवस.

मनाला लागतं हे खरं. ऑस्ट्रेलियात ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: अशा टप्प्याटप्प्याच्या पद्धतीनंतर वर्षभराने आई-बाळाच्या जवळिकीत किंवा वागण्यात फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, हेही सांगते.

निशाचर

यात एक व्यावहारिक भर. रात्री आईऐवजी बाबांनी उठावं. आईच्या अंगाला दुधाचा वास येतो, बाळ चोखणी विसरून दुधासाठी रडतं. ३ चं दूध मात्र आईनेच, ठरल्याप्रमाणे.

सासू-सासऱ्यांशी बोलणं पहिल्या रात्रीआधी, दुपारी. मध्यरात्री पडद्याआडून "अगं दे गं बाई त्याला" असं ऐकू आलं की सगळी योजना संपते. त्यांना काम द्या: संध्याकाळी ५ नंतर डुलकी लागू न देणं. आजोबांना घेऊन गॅलरीत कावळे-चिमण्या दाखवणं हा त्यातला उत्तम इलाज आहे.

बोटांची_गोष्ट

"आजोबांना घेऊन" की "आजोबांनी घेऊन"? 😄

निशाचर

आजोबांनी. पण दोघांनाही चालेल.

दंतमंजन

दातांचं थोडक्यात. चोखणीने पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकेनासे होतात, वरचा जबडा अरुंद होतो. दोन वर्षांच्या आसपास सुटली तर बहुतेक वेळा आपोआप सुधारतं, तीनच्या पुढे गेली तर अवघड होत जातं. साडेसात महिन्यांना दातांच्या भीतीने झोप उडवू नका. अंगठ्यापेक्षा चोखणी बरी, ती लपवता येते.

वस्तू तपासा: एकसंध सिलिकॉनची उत्तम, जोड नाही. पुढची चकती तोंडात जाणार नाही इतकी मोठी, तिला हवेची भोकं. लेटेक्स चिकट होतं, पिवळं पडतं. नवी आणली की पाच मिनिटं उकळा. दर आठवड्याला सगळ्या दिशांनी जोरात ओढून बघा. चीर, दाताची खूण, चिकटपणा दिसला की लगेच फेका. जत्रेतली रंगवलेली लाकडी चोखणी शोभेला ठेवा, रंग पोटात जातो. खाली पडलेली आपल्या तोंडात घालून "साफ" करून देऊ नये. कीड लावणारे जिवाणू असेच पोचतात.

म्युनिकर

इथे जर्मनीत तिला श्नुलर म्हणतात, इंग्लंडमध्ये डमी. इंग्लंडमधला सल्ला ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान सोडवा असा आहे. मोठ्या मुलांसाठी डेन्मार्कची गंमत सांगतो: कोपनहेगनमध्ये फ्रेडरिक्सबर्ग बागेत एक झाड आहे, त्यावर मुलं आपली चोखणी चिठ्ठीसकट टांगून निरोप घेतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला असा निरोप समजतो. साडेसात महिन्यांना झाड दाखवून उपयोग नाही.

दुपटं_आणि_कुंची

एक राहिलं: नाक. नाक चोंदलं की चोखता चोखता श्वास घेता येत नाही, चोखणी पडते, बाळ उठतं, परत घातली की परत पडते. त्या रात्री कुठलीच पद्धत चालणार नाही. झोपण्याआधी पंधरा मिनिटं सलाईनचे थेंब, प्रत्येक नाकपुडीत दोन. सर्दी नसताना रोज घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणं, किंवा ताप आणि कान ओढून रडणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग झोपेची शिकवणी.

आणि धूर. ओवा-शेपेची धुरी दिलेल्या खोलीत बाळाला झोपवलं तर नाक चोंदणारच.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. चाचणी आत्ताच केली: चोखणी पकडते, पण कडी तोंडात घालते. म्हणजे पहिला रस्ता. दोन शंका: दुपारी पाळण्यात चोखणी + झोका चालू ठेवला तर रात्रीचं बिघडेल का? आणि पहाटे ५ वाजता उठली तर?

बोटांची_गोष्ट

कडी तोंडात घालते म्हणजे निम्मं काम झालं.

दुपारचा झोका पहिला आठवडा राहू द्या. दिवस आणि रात्र बाळाला वेगळे कळतात.

खारी_बिस्कीट

इथे मी असहमत. झोका राहू दे, पण पाळण्यातही चोखणी हातातच द्या. सासूबाई दिवसा तोंडात भरवणार आणि रात्री बाबा हात धरणार, हे बाळाला गोंधळात टाकतं.

बोटांची_गोष्ट

मान्य, हे जास्त बरोबर.

५ ची जाग सगळ्यात शेवटी सुटते. तोवर झोपेची भूक बरीचशी भागलेली असते, शिवाय उजेड आणि कुकरच्या शिट्ट्या. खिडकीला जाड पडदा किंवा काळा कागद लावा, साडेपाचपर्यंत दिवा लावू नका, बोलू नका, चोखणीपर्यंत हात न्या. ५ ला उचलून दूध दिलंत तर आठवड्याभरात पोट ५ चं घड्याळ लावून बसेल. ३ चं दूध मात्र नेहमीसारखं.

पाळणा_दोरी

पाळणाघरात जात असेल तर तिथल्या ताईंना हे कागदावर लिहून द्या: चोखणी हातात, तोंडात नाही, दोरी नाही, झोपल्यावर पडली तर उचलून ठेवा. आणि चोखण्या मोजून पाठवा, डब्यावर नाव घालून. पाच गेल्या की तीन परत येतात.